टी-शर्ट कंपनीचा, पेट्रोल कुणाचं?

(सदर: गळ-गप्पा. गळाने मासे धरणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. उत्तरं देणारे ग्रामीण बँकेतून कर्ज अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत. मुक्काम नांदेड, रविवारी विष्णुपुरीच्या काठावर.)

या महिन्याची पत्रं उघडली तर बहुतेक सगळी स्पॉन्सरशिपची. तंगूस (गळाची नायलॉन दोरी) किती जाडीची घेऊ, कणकेच्या गोळीत हळद घालू का, असं विचारणारे कुठे गेले कोण जाणे. असो. मासे हा माझा छंद आणि कागद हा माझा धंदा होता, त्यामुळे हे काम टाळता येत नाही.

काका, मी केजचा. धनेगावला मांजरा धरणावर मरळ धरतो आणि व्हिडिओ टाकतो. अकरा हजार लोक जोडले गेलेत. एक कंपनी मला 'प्रो-स्टाफ' म्हणून घेते म्हणायली. तिच्या मालावर ४० टक्के सूट, दोन टी-शर्ट, एक टोपी. बदल्यात महिन्याला ४ व्हिडिओ, वर्षाला कमीत कमी २५ हजारांची खरेदी, आणि दुसऱ्या कंपनीचं सामान दाखवायचं नाही. मित्र म्हणतेत सही करून टाक, नाव होईल. कागद सोबत जोडलाय, एका व्हिडिओची लिंकही देतो. काय करू?
— एक वाचक, केज

कागद जोडलास हे फार चांगलं केलंस. उभी नोकरी लोकांच्या सह्या घेण्यात गेली. सही करण्याआधी कागद वाचायला मागणारा माणूस त्या काळात क्वचितच भेटला.

आधी पैसा कुणाकडून कुणाकडे जातो ते बघू. चार पानं वाचली. कंपनीच्या खिशातून तुझ्या खिशात एक रुपया येईल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट तुझ्याकडून वर्षाला २५ हजार जातील असं मात्र स्पष्ट आहे. सहा हजारांचा रॉड तुला ३,६०० ला मिळेल, हे खरं. पण दुकानदाराला माल देताना कंपनी त्याचा नफा सोडूनच देते. मधला दुकानदार गाळला आणि माल थेट तुला विकला, तर कंपनीला फारशी झळ बसत नाही. म्हणजे तू कंपनीचं गिऱ्हाईकच आहेस, फक्त वर्षाचा कोटा ठरवून दिलेलं आणि टोपी घातलेलं. वर ४८ व्हिडिओ करून द्यायचे, आणि धनेगावला जायचं पेट्रोल तुझं. याला आपल्याकडे घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणं म्हणतात.

आता कलम ७ बघ. तुझे व्हिडिओ कंपनी 'कायमस्वरूपी, कुठल्याही माध्यमात' वापरू शकेल. तू दोन वर्षांनी तिला सोडलंस तरी तुझा चेहरा तिच्या जाहिरातीत राहील. तिथे 'कराराच्या मुदतीपुरते' असं करून घे. कलम ९ मध्ये 'मासेमारीशी संबंधित कुठलाही माल' म्हटलंय. त्यात अंबाजोगाईच्या बाजारातून आणलेला गळही आला, तंगूसही आली आणि तुझी प्लास्टिकची बादलीही आली. बंदी फक्त रॉड आणि रीलपुरती ठेव.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट या कागदात नाहीच, कारण हा मसुदा बारमाही पाण्याच्या मुलखात कुणीतरी केलेला दिसतो. महिन्याला ४ व्हिडिओ म्हणजे बाराही महिने धरणात पाणी आहे असं गृहीत धरलंय. २०१६ साली मांजरा कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तू शाळेत असशील. तसं वर्ष पुन्हा आलं तर व्हिडिओ कशाचे करणार, तळाच्या भेगांचे? मराठवाड्यातल्या माणसाने अशा करारात दुष्काळाचं कलम घालूनच घ्यावं: धरणात मृतसाठाच उरला तर व्हिडिओची अट त्या महिन्यांपुरती स्थगित, आणि त्याबद्दल वसुली नाही. कंपनीचा माणूस हसेल. हसू दे. पीक कर्जाच्या पुनर्गठनालाही लोक आधी हसायचे.

तुझा व्हिडिओ पाहिला. बेशरमीच्या झुडपाच्या बुडाशी तू रबरी बेडूक (गळाचं नकली आमिष) टाकलास. पाण्यावर कड्या उठल्या, तू त्या विरेपर्यंत बेडूक हलवलाच नाहीस. मग रॉडच्या टोकाने दोनदा नुसता थरकवलास. पाणी फाटलं, बेडूक गडप झाला, तरी तू हिसका दिला नाहीस. टोक खाली नेलंस, तंगूस ताणली जाईपर्यंत थांबलास आणि मगच ओढलंस. नवशिका इथेच चुकतो, मरळीच्या तोंडातून बेडूक रिकामा परत येतो. बघणाऱ्याला यातून खरंच काही शिकायला मिळतं, आणि बीड-लातूर-धाराशिवकडची पोरं ते बघून सामान घेतात. कंपनीला तेच हवंय. मरळ केवढी निघाली याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

म्हणून उलट पत्र लिही. पहिल्या पानावर तुझे बघणारे कोणत्या जिल्ह्यांतले आणि कोणत्या वयाचे, ते आकडे टाक. ॲपमध्ये सगळे दिसतात. मग मागणी: दर व्हिडिओला ठरावीक रक्कम, प्रवासखर्च वेगळा, खरेदीची सक्ती नाही, तुझ्या नावाच्या सूट-कोडवरून झालेल्या विक्रीवर टक्केवारी आणि तिचा दर महिन्याला हिशेब, मुदत एक वर्ष, दोन्हीकडून ३० दिवसांच्या नोटिशीने मोडता येईल असा करार. मागायला लाजू नकोस. नाही म्हणाले तर जिथून घेतोस तिथूनच सामान घे. ओळखीचा दुकानदार थोडंफार सोडतोच, आणि तो टोपी घालायला लावत नाही.

बास मासा आपल्याकडे आणून सोडता येईल का? शेततळं आहे, पाणी भरपूर आहे.
— एक शेतकरी, जालना

नाही. आणि सोडू नका. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. जपानने १९२५ मध्ये तो आशिनोको तलावात हौसेने सोडला, पुढे देशभर पसरला, स्थानिक मासे खाऊ लागला, आणि २००५ मध्ये त्यांना त्याच्याविरुद्ध कायदा लावावा लागला. शेततळं फुटतं, ओढ्याला मिळतं, ओढा दुधनेला आणि दुधना पूर्णेला. चिलापी अशीच आली, आता कुठल्याही धरणात जाळं टाका, तीच निघते. थाई मांगुर या बाहेरून आलेल्या माशावर केंद्राने २००० साली बंदी घातली, तरी चोरून पाळलाच गेला आणि हरित लवादाचे आदेश येईपर्यंत कुणी हललं नाही. दबा धरून बसणारा, पाण्यावर येऊन झडप घालणारा मासा हवा ना? मरळ आहे की. बासवाले ज्या गमतीसाठी जीव टाकतात ती सगळी तिच्यात आहे, वर ती हवेतूनही श्वास घेते आणि आपल्या आटत्या पाण्यात तग धरते. रस्सा तर विचारूच नका.

माझा मुलगा बारावीला आहे, सतरा वर्षांचा. अमेरिकेत मासे धरून लोक कोट्यधीश होतात म्हणतो. दिवसभर त्यांच्याच चित्रफिती. त्याचे वडील चिडतात. यात खरं किती? आणि एका दुकानदाराने त्याला स्पॉन्सर करतो म्हणून फॉर्म दिलाय.
— एक आई, परभणी

ताई, लेकरू खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतंय.

बास धरण्याचा हा खेळ तिकडे उभा केला रे स्कॉट नावाच्या माणसाने. अलाबामाचा विमा विकणारा. जून १९६७ मध्ये आर्कान्साच्या बीव्हर लेकवर त्याने स्पर्धा भरवली. १०६ जण आले, प्रत्येकाने १०० डॉलर फी भरली. दुसऱ्या वर्षी संघटना काढली. १९७१ मध्ये नेवाडातल्या लेक मीडवर पहिली 'बासमास्टर क्लासिक' झाली. कुठल्या तलावावर जायचंय हे स्पर्धकांना विमानात बसल्यावर सांगितलं, म्हणजे आधी जाऊन पाणी बघून येण्याची सोयच नाही. पहिलं बक्षीस १०,००० डॉलर. आज त्याच स्पर्धेचं पहिलं बक्षीस ३ लाख डॉलर आहे, आपल्याकडचे अडीच कोटींच्या घरात. मुलगा सांगतो ते हेच.

तो सांगत नाही ते असं. दिवसाकाठी मोजायचे फक्त ५ सर्वांत वजनदार मासे, तेही जिवंत, बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सांभाळून आणलेले. मेलेल्या माशाला वजनात दंड. स्पर्धेची बोट २५० हॉर्सपॉवरच्या इंजिनाची; नवी घ्यायची तर एक लाख डॉलरच्या आसपास. वर्षभराच्या प्रवेश फीचेच हजारो डॉलर, मग इंधन, मोटेल, जेवण. एकेका स्पर्धेतून अनेक जण घरी रिकाम्या हाताने जातात, म्हणून तर त्यांच्या शर्टावर इतकी नावं असतात: बोट, इंजिन, गाडी, तेल, चष्मा. बक्षिसाचा भरवसा नसतो, महिन्याचा खर्च त्या नावांतून निघतो. त्यांचा निम्मा वेळ पाण्यावर जातो आणि निम्मा दुकानांच्या उद्घाटनात, प्रदर्शनात, लोकांशी बोलण्यात.

मुलाला ताकाहिरो ओमोरीची गोष्ट सांगा. जपानी पोरगा, १९९२ मध्ये एकविसाव्या वर्षी अमेरिकेत गेला. इंग्रजी धड येत नव्हतं, पैसे नव्हते, काही वर्षं गाडीतच झोपायचा. २००४ मध्ये क्लासिक जिंकला, २ लाख डॉलर. मधली बारा वर्षं कुठल्या चित्रफितीत दिसत नाहीत, ती त्याला तुम्ही दाखवा. वडिलांनाही सांगा, की पोरगं पहाटे उठून पाण्याकडे जातंय, यापेक्षा वाईट नाद परभणीत भरपूर आहेत.

फॉर्मचं उत्तर एका ओळीत: अठरा पूर्ण होईपर्यंत त्याच्या सहीच्या कराराला कायद्यात किंमत नाही, आणि दुकानदाराने तुमची सही मागितली तर फॉर्म आधी मला पाठवा. बारावीची परीक्षा होऊ द्या, मरळ पावसाळ्यापर्यंत कुठे जात नाही.

एका कंपनीने मला २८ हजारांचा रॉड-रील सेट फुकट दिला, व्हिडिओ करण्यासाठी. आता म्हणतात आधी कर भरल्याची पावती द्या. फुकट वस्तूवर कसला कर? फसवणूक आहे का?
— एक वाचक, लातूर

फसवणूक नाही, या वेळी कंपनी बरोबर आहे. १ जुलै २०२२ पासून नियम आहे: धंद्या-व्यवसायाच्या निमित्ताने एकाच कंपनीकडून वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीची वस्तू किंवा सोय मिळाली, तर तिच्या किमतीवर १० टक्के कर आधी कापला गेला पाहिजे. रोख पैसे नसल्याने कापणार कशातून, म्हणून कंपनी तुमच्याकडे कर भरल्याचा पुरावा मागते. तुमच्या बाबतीत २,८०० रुपये. विवरणपत्रात हे २८ हजार उत्पन्न म्हणून दाखवा आणि भरलेला कर वजा मागा. सेट वापरून, व्हिडिओ करून परत केलात तर तो तुमचा लाभ धरला जात नाही. मग करही नाही. कागदावर 'परत करण्याच्या बोलीवर' असं लिहून घ्या, तोंडी बोली कुणी मानत नाही.

त्याच व्हिडिओत दुसरी गोष्ट पाळा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट केलंय की पैसे, वस्तू, सूट काहीही घेतलं असेल तर तसं ठळकपणे सांगायचं, आणि ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत. मराठीत बोलून खाली बारीक इंग्रजीत टाकलेला शब्द चालत नाही. सुरुवातीलाच म्हणा, 'हा सेट कंपनीने दिलाय'. दिशाभूल ठरली तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या मोठ्या आकड्याने घाबरून जाऊ नका. फक्त खरं बोला, त्याला खर्च येत नाही.

येलदरीला गळाची स्पर्धा भरवायचा विचार आहे. एक दुकानदार बक्षिसाला ५१ हजार देतोय. लोक लबाडी करतील का?
— मित्रमंडळ, हिंगोली

५१ हजार ठेवल्यावर करणारच. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडजवळच्या एका स्पर्धेत दोघांनी आणलेले मासे आकाराच्या मानाने फारच जड भरले. आयोजकाने सगळ्यांसमोर पोट चिरलं तर आतून शिशाचे गोळे निघाले, वजन वाढवायला दुसऱ्या माशाचं मांसही कोंबलेलं. प्रकरण कोर्टात गेलं, दोघांना १० दिवसांचा तुरुंगवास झाला आणि बोट जप्त झाली. मासा वॉलाय होता, बास नव्हे, पण हाव तीच.

वजन नकोच, लांबी मोजा. सगळ्यांना सारख्याच मापाच्या पट्ट्या द्या, त्यावर त्या दिवसाची खूण करा, मासा पट्टीवर ठेवून फोटो, लगेच पाण्यात. दोन-दोन स्पर्धकांची जोडी चिठ्ठ्या टाकून लावा म्हणजे मित्र-मित्र एकत्र येणार नाहीत. पहिलं बक्षीस कमी करा आणि दहा जणांत वाटा, लबाडीचा मोह तिथेच निम्मा होतो. ५१ हजारांतले काही लाइफ जॅकेटसाठी ठेवा, हे दुकानदाराला आधीच सांगा. आणि धरणावरच्या मच्छीमार संस्थेची लेखी परवानगी घेतल्याशिवाय बॅनर छापू नका. त्याचं कारण पुढच्या पत्रात आहे.

तुमी हौशी लोकांचं लई कौतुक लिहिता. आमी भोई, नाथसागरावर बापजाद्यापासून. संस्थेचा ठेका हाये, बीज आमी सोडतो, रक्कम आमी भरतो. रविवारी गाड्या भरून पोरं यायलेत. आमच्या जाळ्यात गळ अडकवतात, जाळं कापून टाकतात. जागा व्हिडिओत सांगतात, पुढच्या रविवारी दुप्पट. पिल्लाजवळची मरळ बी धरतात. त्यान्ला कंपनीचे पैसे, आमाला काय?
— एक मच्छीमार, पैठण

भाऊ, पत्र पूर्ण छापलंय. एक शब्दही कापला नाही.

हौशी मंडळींनी आता कान उघडे ठेवावेत. नाथसागर हे सरकारी पाणी आहे म्हणून ते कुणाचंच नाही, हा समज चुकीचा. मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, आणि १९८६ पासून ते पक्षी अभयारण्यही आहे, म्हणजे वन विभागाचंही ऐकावं लागतं. गळ टाकण्याआधी विचारा. जाळ्यात गळ अडकला तर तंगूस तुमची कापा, जाळं त्यांचं कापू नका. पन्नास रुपयांच्या बेडकासाठी माणसाची मजुरी बुडते.

पिल्लांजवळच्या मरळीचं मी आधीही लिहिलंय, पुन्हा लिहितो. पावसाळ्यात काठाजवळ पाण्यावर तांबूस-केशरी ठिपक्यांचा एक थवा दिसतो, दर थोड्या वेळाने हवा घ्यायला वर उसळणारा. ती मरळीची पिल्लं. त्यांच्या खाली नर-मादी राखण करतात आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. बेडूक टाकला की शंभर टक्के लागते, म्हणून व्हिडिओवाल्यांचं ते आवडतं काम. पण मोठी उचलली की चिलापी आणि इतर मासे पिल्लांचा थवा घटकाभरात साफ करतात. त्यात कसबही काही नाही. माझं कंपन्यांना सांगणं आहे, असा व्हिडिओ करणाऱ्याला टी-शर्टसुद्धा देऊ नका.

आता तुमचा प्रश्न, 'आमाला काय'. भाऊ, तक्रार करून रविवार थांबणार नाही, म्हणून संस्थेच्या बैठकीत तीन ठराव करा. एक, दिवसाची पावती: गळाला परवानगी, किती रॉड, किती मासे नेता येतील, कुठल्या भागात जायचं नाही, सगळं पावतीच्या मागे छापलेलं. दोन, वाटाड्याचा दर ठरवा. पाण्याखाली जुनी विहीर कुठे, बुडालेल्या गावाच्या भिंती कुठे, वारं फिरलं की मासा कुठल्या अंगाला जातो, हे थर्माकोलच्या तराफ्यावर आयुष्य काढलेल्या तुमच्यासारख्याला माहीत असतं. हौशाला ते हवं असेल तर त्याने मोजावेत. तीन, कंपनीचा कॅमेरा आला तर संस्थेशी करार, संस्थेच्या खात्यावर पैसे, कुणा एकाच्या खिशात नाही. अभयारण्यामुळे वन विभागाला विचारूनच हे करा, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवणार नाही.

पावतीचा मसुदा करून हवा असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर मागणी पाठवा, सचिवांची सही आणि शिक्का घालून. फी काही नाही. रविवारी मात्र पाठवू नका, मी काठावर असतो.